खाज, मलम आणि पथ्य : त्वचारोग व अन्न यांविषयी काही आवश्यक माहिती

मृग नक्षत्र लागले की गोव्यात ओलाव्याचे दिवस सुरू होतात. वर्षाकाठी सरासरी सुमारे ३००० मिलिमीटर पाऊस पडणाऱ्या या भूमीत ऐन पावसाळ्यात वाळत घातलेले कपडे दोन-दोन दिवस सुकत नाहीत. रोपणीला उतरलेल्या माणसाचे पाय दिवसभर चिखलात राहतात आणि शाळेत जाणारे मूल ओल्या गणवेशातच वर्गात बसते. या दिवसांत अंगाला खाज सुटल्याची तक्रार घरोघरी ऐकू येऊ लागते. खाज हा प्राणघातक विकार नसल्यामुळे तिच्याकडे प्रारंभी सहसा कोणी गांभीर्याने पाहत नाही. ती असह्य झाली म्हणजे मात्र माणूस स्वतःच दोन उपाय योजतो. एक, दुकानातून मलमाची नळी आणतो. दोन, ताटातला एखादा पदार्थ वर्ज्य करतो.

हे दोन्ही उपाय मुळात चुकीचे नाहीत. योग्य मलमाने त्वचारोग बरा होतो आणि काही विकारांत विशिष्ट अन्न सोडावेच लागते. परंतु कोणत्या रोगाला कोणते मलम आणि कोणत्या माणसाला कोणते पथ्य, याचा विचार न करता हे उपाय केले, तर मलमाने रोग बळावतो व पथ्याने शरीर खंगते. यास्तव नेहमी आढळणाऱ्या काही त्वचाविकारांची व अन्नविषयक तक्रारींची माहिती प्रत्येक कुटुंबाला असणे अगत्याचे आहे.

गजकर्ण आणि ‘लगेच गुण देणारे’ मलम

गजकर्ण अथवा नायटा हा बुरशीचा रोग होय. जांघा, काखा, कंबर, स्तनांखालील घडी अशा जेथे घाम साचतो व हवा लागत नाही, अशा जागी ही बुरशी रुजते. चट्टा गोलाकार असतो. त्याची कड लालसर व उंचावलेली, तर मध्यभाग त्यामानाने स्वच्छ दिसतो. कड हळूहळू बाहेर सरकत जाते.

अशा रोग्याला पुष्कळदा जे मलम मिळते, त्यात तीन-चार औषधांचे मिश्रण असते. एक बुरशीवर, एक जंतूंवर आणि एक स्टेरॉईड वर्गातील. यांपैकी स्टेरॉईड हे दाह शमविणारे औषध आहे. ते लावताच दोन दिवसांत खाज थांबते, लाली ओसरते आणि रोगी समाधान पावतो. परंतु त्वचेवर आलेली लाली ही शरीराने बुरशीविरुद्ध चालविलेल्या झुंजीची खूण असते. स्टेरॉईडने ती झुंजच थांबते. पहारेकऱ्याला झोपवून चोराला घर मोकळे करून द्यावे, तसा हा प्रकार आहे. मलम बंद केले की चट्टा पूर्वीपेक्षा मोठा होऊन उठतो, रोगी पुन्हा तीच नळी आणतो आणि काही महिन्यांत रोगाचे रूप इतके पालटते की जाणत्या डॉक्टरलाही तो ओळखणे कठीण जाते. दरम्यान जांघेची त्वचा पातळ होऊन तीवर कायमचे वळ उमटतात. गोरे होण्याच्या आशेने हेच मलम चेहऱ्याला चोळणाऱ्या तरुण-तरुणींच्या तोंडावर मुरुमे येतात, केस वाढतात, उन्हात आग होऊ लागते व मलम सोडताच चेहरा लालबुंद होतो.

गेल्या काही वर्षांत भारतात गजकर्णाची जी साथ पसरली आहे, तिच्या मुळाशी अशा मिश्र मलमांचा अनिर्बंध वापर हे एक प्रमुख कारण असल्याचे त्वचारोगतज्ज्ञ मानतात. या साथीतील बुरशीचा एक प्रकार नेहमीच्या गोळ्यांनाही दाद देईनासा झाला असून, सन २०२० मध्ये त्याला जे शास्त्रीय नाव देण्यात आले त्यात भारताचाच उल्लेख आहे : ‘ट्रायकोफायटॉन इंडोटिनी’. सन २०१८ मध्ये केंद्र सरकारने अनेक स्टेरॉईडयुक्त मलमे औषध नियमांच्या अनुसूची ‘एच’मध्ये समाविष्ट केली. डॉक्टरांच्या चिठ्ठीवाचून अशी मलमे विकणे हा त्यामुळे नियमभंग ठरतो. ग्राहकानेही नळीवरील घटकांची नावे वाचावीत. क्लोबेटासोल, बीटामेथासोन, मोमेटासोन यांपैकी एखादे नाव आढळल्यास ते स्टेरॉईड होय, हे ओळखावे.

गजकर्णावरील उपचाराला वेळ लागतो. केवळ बुरशीवरचे मलम चट्ट्यावर व त्याच्या कडेपलीकडे सुमारे दोन सेंटिमीटरपर्यंत लावावे लागते. चट्टा दिसेनासा झाला तरी डॉक्टरांनी सांगितलेली मुदत पुरी करावी लागते. घट्ट जीनच्या विजारींऐवजी सैल सुती कपडे घालावेत. आंघोळीनंतर अंगाच्या घड्या कोरड्या कराव्यात. टॉवेल व अंतर्वस्त्रे प्रत्येकाची वेगळी असावीत. घरात दुसऱ्या कोणाला चट्टे असल्यास त्याचाही उपचार त्याच वेळी करावा.

स्टेरॉईड हे सर्वथा त्याज्य औषध आहे, असा मात्र याचा अर्थ नव्हे. सन १९५२ मध्ये सुल्झबर्गर व विटन या अमेरिकन त्वचारोगतज्ज्ञांनी हायड्रोकॉर्टिसोनचा त्वचेवरील उपयोग दाखवून दिल्यापासून इसबाच्या लाखो रोग्यांना या वर्गातील औषधांनी दिलासा दिला आहे. रोग कोणता, औषध किती तीव्र व मुदत किती, हे ठरविण्याचे काम डॉक्टरांचे आहे. लावण्याचे प्रमाण मात्र रोग्यालाही मोजता येते. प्रौढ माणसाच्या तर्जनीच्या टोकापासून पहिल्या पेरापर्यंत नळीतून काढलेली मलमाची रेघ म्हणजे सुमारे अर्धा ग्रॅम औषध. दोन तळहातांएवढ्या त्वचेस ते पुरेसे असते.

खरूज : एकाचा रोग, घराचा उपचार

दिवसा सुसह्य आणि रात्री अंथरुणात असह्य होणारी खाज, बोटांच्या बेचक्यांत, मनगटांवर, बेंबीभोवती व जांघेत बारीक पुरळ आणि घरातील एकाहून अधिक माणसांना तीच तक्रार, ही खरजेची लक्षणे होत. अर्ध्या मिलिमीटरहूनही लहान असलेला एक किडा त्वचेत बीळ करून अंडी घालतो. हा रोग अस्वच्छतेचे द्योतक आहे असे समजून कुटुंबे तो लपवितात. वस्तुतः तो अंगाला अंग लागल्याने पसरतो आणि रोज स्नान करणाऱ्यालाही होतो. सन २०१७ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने खरजेचा समावेश दुर्लक्षित उष्णकटिबंधीय रोगांच्या यादीत केला.

खरजेचा उपचार फसण्याचे कारण बहुधा एकच असते. ज्याला खाज सुटली तोच औषध लावतो. पहिल्यांदा लागण झालेल्या माणसाला खाज सुटण्यास चार ते सहा आठवडे लागू शकतात. तेवढ्या काळात त्याच्यापासून इतरांना लागण झालेली असते. म्हणून खाज असो वा नसो, घरातील सर्वांनी एकाच रात्री औषध लावणे आवश्यक आहे. पाच टक्के परमेथ्रिनचे मलम मानेपासून तळपायापर्यंत, नखांखाली व बेचक्यांतही लावून ते आठ ते चौदा तास ठेवावे व सकाळी धुवावे. साधारणतः एका आठवड्याने हाच उपचार पुन्हा करावा लागतो. तान्ह्या मुलांना व गरोदर स्त्रियांना औषध डॉक्टरांच्या सल्ल्यानेच द्यावे. त्याच सकाळी अंगावरील व अंथरुणाचे कपडे गरम पाण्यात धुऊन उन्हात वाळवावेत. जे धुता येत नाहीत ते प्लास्टिकच्या पिशवीत बांधून आठवडाभर बाजूला ठेवावेत. किडे मेल्यानंतरही खाज दोन ते चार आठवडे टिकू शकते. त्यामुळे औषध लागू पडले नाही असे समजून ते रोज चोळू नये.

येथे एका निराळ्या चट्ट्याची नोंद करणे अवश्य आहे. जो फिकट वा लालसर चट्टा खाजत नाही, दुखत नाही आणि ज्याला स्पर्शाची जाणीव नाही, त्याच्याविषयी सर्वांत अधिक सावध असावे. ते कुष्ठरोगाचे लक्षण असू शकते. सन १९८२ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने पुरस्कृत केलेल्या बहुविध औषधोपचाराने हा रोग पूर्ण बरा होतो. शासकीय केंद्रांत हे औषध विनामूल्य मिळते. वेळीच उपचार झाल्यास विकृती येत नाही. भीतीपोटी गमावलेले महिने मात्र हातापायांची बोटे गमावण्यास कारण होतात.

हातांना लागलेला उद्योग

काही त्वचाविकारांचे मूळ माणसाच्या कामात असते. पोर्तुगीजांनी सोळाव्या शतकात आणलेला काजू आज गोव्याच्या डोंगरउतारांवर सर्वत्र दिसतो. त्याच्या बीच्या टरफलात एक दाहक तेल असते. बिया फोडणाऱ्या स्त्रियांच्या बोटांची त्वचा त्याने काळवंडते, सोलवटते व भाजल्यासारखी होते. बिब्बा आणि आंबा ही काजूच्याच कुळातील झाडे आहेत. बिब्ब्याने अंगावर फोड येतात व आंब्याचा चीक ओठांना लागला की चट्टे उठतात, हे सर्वांच्या अनुभवाचे आहे. दुखऱ्या सांध्यावर वा पोटावर बिब्बा घालण्याची रूढी यास्तव सोडून द्यावी. गवंड्याच्या हातांवरील भेगांना सिमेंटमधील क्रोमियमचे क्षार कारण होतात. घाटापलीकडे बेळगाव, धारवाड भागात रस्त्याकडेला व पडीक रानात माजलेले गाजरगवत हे तर शेतकऱ्याच्या चेहऱ्यावर, मानेवर व कोपरांच्या घड्यांत उठणाऱ्या चिवट इसबाचे प्रसिद्ध कारण आहे. सन १९५५ च्या सुमारास पुण्यात प्रथम लक्षात आलेले हे तण पुढे देशभर पसरले.

अशा विकारांत कारण दूर केल्याशिवाय मलमाचा उपयोग तात्पुरताच होतो. काजू फोडताना हातमोजे घालावेत, ते नसल्यास हातांना तेल लावावे व काम संपताच हात साबणाने धुवावेत. गाजरगवत फुलावर येण्यापूर्वी, अंग झाकून व हातमोजे घालून मुळासकट उपटावे. इसब झालेल्या माणसाने ते स्वतः उपटू नये. कोरड्या, भेगाळलेल्या त्वचेस स्नानानंतर अंग ओलसर असतानाच खोबरेल तेल लावण्याची जुनी रीत आजही उपयुक्त आहे.

अंगावर पित्त उठणे

आता अन्नाकडे वळू. अंगावर अकस्मात लाल, खाजऱ्या गांधी उठतात व काही तासांत मावळतात, यास आपण ‘पित्त उठणे’ म्हणतो. पोटातील आम्लपित्ताशी असलेल्या नामसाम्यामुळे अनेक जण आम्लपित्ताच्या गोळ्या घेतात. या गांधी त्वचेतील काही पेशींमधून हिस्टॅमिन नावाचे द्रव्य सुटल्यामुळे उठतात. जंतुसंसर्ग, दुखण्यावरच्या गोळ्या, पेनिसिलिनसारखी औषधे, कीटकदंश आणि काही वेळा अन्न ही त्याची कारणे असतात. पुष्कळदा कारण सापडतही नाही. आमसुलाचे पाणी अंगाला लावल्याने थंडावा वाटतो व त्यात अपायही नाही. परंतु ओठ, जीभ वा डोळे सुजणे, आवाज घोगरा होणे, श्वास कोंडणे, भोवळ येणे, वारंवार ओकारी होणे यांपैकी एकही लक्षण दिसल्यास घरगुती उपायांत क्षणही दवडू नये. १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी. अशा वेळी मांडीच्या स्नायूत दिलेले ॲड्रेनॅलिनचे इंजेक्शन प्राण वाचविते.

मासळीच्या बाबतीत आणखी एक भेद ध्यानात ठेवण्याजोगा आहे. कोळंबी, कुर्ल्या, तिसऱ्या यांची खरी ॲलर्जी काही जणांना असते. त्यांना तो पदार्थ अल्पस्वल्पही चालत नाही. परंतु बांगडा, तारली, कुपा हे मासे बर्फाविना तासन्‌तास राहिले तर जंतूंच्या क्रियेमुळे त्यांच्या मांसातच हिस्टॅमिन तयार होते. असा मासा खाल्ल्यावर काही मिनिटांपासून तासाभरात चेहरा लाल होतो, डोके ठणकते, अंगावर गांधी उठतात. एकाच पंगतीतील अनेकांना एकदम असा त्रास झाला, तर ती ॲलर्जी नसून बिघडलेल्या मासळीची बाधा समजावी. हे द्रव्य शिजविल्याने वा तळल्याने नष्ट होत नाही. त्यावर उपाय एकच, तो म्हणजे होडीपासून घरापर्यंत मासळी बर्फात ठेवणे. अशा एका प्रसंगावरून जन्मभर बांगडा सोडण्याचे कारण नाही.

न सोसणे आणि न पचणे

अन्नाविषयीच्या तक्रारी दोन वर्गांत मोडतात. पहिल्या वर्गात शरीराची संरक्षक यंत्रणा अन्नातील एखाद्या प्रथिनाला शत्रू समजते. ही ॲलर्जी होय. तिच्यात कणभर अन्नही घातक ठरू शकते. दुसऱ्या वर्गात अन्न पचविण्याची शक्ती अपुरी असते. तेथे प्रमाणाला महत्त्व असते. थोडे चालते, अधिक झाल्यास पोट बिघडते. जिवाला धोका नसतो.

दूध हे दुसऱ्या वर्गाचे उत्तम उदाहरण आहे. दुधातील साखरेचे पचन लॅक्टेज या विकरामुळे होते. तान्हेपणी ते विपुल असते. वाढत्या वयात जगातील सुमारे दोन-तृतीयांश माणसांत ते घटत जाते. अशा माणसाने दूध पिताच पोट फुगते, गुरगुरते व जुलाब होतात. भारतात उत्तरेपेक्षा दक्षिणेत हे प्रमाण अधिक आहे. त्यात कोणताही रोग नाही. २५० मिलिलिटर दुधात सुमारे १२ ग्रॅम ही साखर असते. एका वेळी एवढे दूध जेवणाबरोबर घेतल्यास अशा अनेकांना ते चालतेही. दह्याला विरजण लावले की त्यातील जंतू काही साखर पचवितात, म्हणून दही व ताक सोसते. तुपात तर ही साखर जवळजवळ नसतेच. दोन आठवडे दूध बंद ठेवून व नंतर पुन्हा सुरू करून प्रौढ माणसास आपली शंका पडताळून पाहता येते. तान्ह्या मुलाचे दूध मात्र डॉक्टरांना विचारल्यावाचून कदापि तोडू नये.

गव्हाचा विकार याहून गंभीर आहे. गहू व जव यांतील ग्लुटेन या प्रथिनामुळे काही माणसांच्या आतड्यांच्या अस्तराची झीज होते. त्यास सिलिअक रोग म्हणतात. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात विलेम डिके या डच बालरोगतज्ज्ञाने या विकाराचा गव्हाशी असलेला संबंध सिद्ध केला. मूल खाऊनही वाढत नाही, रक्तक्षय हटत नाही, जुलाब थांबत नाहीत, ही त्याची लक्षणे आहेत. काही रोग्यांच्या कोपरांवर, गुडघ्यांवर व ढुंगणावर अतिशय खाजणारे बारीक फोडही येतात. ही खाज मलमाने जात नाही, गहू सोडल्यावर जाते. तरीही शंका येताच गहू सोडू नये. रक्ततपासणीपूर्वी गहू बंद केल्यास रोग असूनही तपासणीत तो दिसत नाही. निदान पक्के झाल्यावर मात्र पोळी, पाव, पोयी, रवा, शेवया हे सर्व जन्मभर वर्ज्य करावे लागते. तांदूळ, नाचणी, ज्वारी, बाजरी, मका यांत ग्लुटेन नसते. पेजेवर वाढलेल्या प्रदेशात हे पथ्य त्यामानाने सुकर आहे. पीठ मात्र स्वतंत्र दळावे, कारण गिरणीत आधी दळलेला गहू त्यात मिसळतो.

बंद पाकिटातील पदार्थांवर गहू, दूध, अंडी, मासे, कवचधारी जलचर, शेंगदाणे, काजू-बदामादी कठीण कवचाची फळे व सोयाबीन यांचा अंश असल्यास तसा उल्लेख करणे अन्न सुरक्षा प्राधिकरणाच्या २०२० च्या नियमांनुसार बंधनकारक आहे. तो वाचण्याची सवय लावावी.

कोड आणि दूध-मासळीचा समज

मासे खाऊन दूध प्याले असता अंगावर कोड उठते, हा समज किनाऱ्यावरील घरांत पिढ्यान्‌पिढ्या चालत आला आहे. कोड म्हणजे त्वचेला रंग देणाऱ्या पेशींचा नाश. बहुतेक वेळा शरीराची संरक्षक यंत्रणाच तो घडवून आणते. दूध व मासे एकत्र खाल्ल्याने असे होते, यास पुरावा मिळालेला नाही. कोड संसर्गजन्य नाही, त्याचा कुष्ठरोगाशी संबंध नाही. कपाळावरच्या टिकलीच्या डिंकातील काही रसायनांनी त्या जागी पांढरा डाग पडू शकतो. अशा वेळी टिकली बदलावी.

या एका समजापायी होणारी हानी मोठी आहे. डाग उठलेल्या मुलीला दोष दिला जातो, तिच्या पानातून मासळी जाते, दूध जाते, आंबट जाते आणि अखेर ठरलेले लग्नही मोडते. वाढत्या वयात तिचे प्रथिनांचे हे स्वस्त साधन हिरावून घेतले जाते, ते ज्या रोगाशी त्याचा काही संबंध नाही त्या रोगासाठी! नागिणीचेही असेच आहे. तिचा विळखा पुरा झाला की माणूस दगावतो, या भीतीने गेरू लावून घरी बसणारे अनेक आहेत. नागीण हा कांजिण्यांच्याच विषाणूचा, एका मज्जातंतूच्या वाटेने उठणारा विकार असून तो सहसा शरीराच्या एकाच बाजूस राहतो. फोड दिसल्यापासून ७२ तासांच्या आत विषाणुरोधक गोळ्या सुरू केल्यास रोगाचा जोर कमी होतो. गेरू लावण्यात हेच मोलाचे तीन दिवस निघून जातात.

शिक्षक व ग्रामपंचायतींचे कर्तव्य

खाजवणाऱ्या मुलाला वर्गात वेगळे बसविण्याऐवजी शिक्षकाने त्याच्या पालकांना बोलावून सर्व कुटुंबाच्या उपचाराची आठवण द्यावी. कोणत्या मुलाला कोणते अन्न चालत नाही याची नोंद शाळेत असावी व माध्यान्ह भोजन करणाऱ्यांनाही ती ठाऊक असावी. ग्रामपंचायतीने पावसाळ्यापूर्वी गाजरगवत काढून घ्यावे. मासळी बाजारात बर्फ आणि स्वच्छ पाणी यांची तरतूद ठेवावी. औषध दुकानदाराने चिठ्ठीशिवाय स्टेरॉईडचे मलम मागणाऱ्या गिऱ्हाइकाला नम्रपणे आरोग्य केंद्राकडे पाठवावे. अवघड रोग्यांसाठी बांबोळी येथील गोवा वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात त्वचारोग विभाग आहे.

रोग्याने दवाखान्यात जाताना वापरून झालेल्या मलमांच्या रिकाम्या नळ्या बरोबर नेाव्यात आणि काय खाल्ल्यावर किती वेळाने त्रास झाला, याची साधी टाचण ठेवावी. निदानाचे अर्धे काम त्यातच होते. शेजाऱ्याच्या अंगावर जे मलम चालले ते आपल्याला चालेलच असे नाही आणि आजोबांनी जे पथ्य पाळले ते नातवाला आवश्यक असेलच असेही नाही. आधी रोग ओळखावा, मग मलम लावावे आणि कारण निश्चित झाल्यावरच ताटातला घास दूर सारावा.